रविवार हे भौगोलिक कारण आहे

भूगोलाची पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या, प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आणि 'अपेक्षित उत्तरं' छापणाऱ्या सर्व मान्यवरांस,



मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. शाळा अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात. व्हरांड्यात उभं राहिलं की समोर कळसूबाई. पावसाळ्यात मात्र शाळेचं फाटकसुद्धा दिसायचं नाही. 'महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर' हे शिकवताना मला नकाशा टांगावा लागला नाही, खिडकी उघडली की काम व्हायचं. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आता सवड आहे, त्यामुळे आयुष्यभर फळ्यावर जे लिहिलं ते पुन्हा वाचून बघतो. वाचताना एका उत्तरापाशी दरवेळी अडखळतो, म्हणून हे पत्र.

आपल्यापैकी कुणाशी माझं वैर नाही. तुमच्या पुस्तकांवरच माझं घर चाललं. पण तुमच्या एका प्रश्नापायी मी एका पोरावर अन्याय केला आहे, आणि त्यातला माझा वाटा कबूल करून उरलेला तुमच्या पदरात घालावा असं मनात आहे.

प्रश्न तुम्हाला तोंडपाठ आहे. 'पर्वतीय प्रदेशात पर्यटन व्यवसायाचा विकास झाला आहे. भौगोलिक कारणे लिहा.' तीन गुण. उत्तरही तोंडपाठ आहे. पर्वतीय प्रदेशात उंचीमुळे हवामान थंड व आल्हाददायक असते. तेथे धबधबे, दऱ्या, वने असे निसर्गसौंदर्य आढळते. त्यामुळे पर्यटक आकर्षित होतात. आणि शेवटी प्रश्नातलंच वाक्य 'म्हणून' लावून परत उतरवायचं. ते शेवटचं वाक्य राहिलं तर अर्धा गुण कापायचा, असा आमच्याकडे अलिखित नियम होता. मी तो निष्ठेनं पाळला.

एका सहामाहीला नववीतल्या एका मुलानं हे उत्तर लिहिलं नाही. त्यानं लिहिलं ते असं: 'आमच्याकडे आधी पण थंडी होती पण कोणी येत नव्हतं. मग डांबरी रस्ता झाला. शनिवार रविवार सुट्टी असते म्हणून लोक येतात. काजव्याचे व्हिडिओ बघून येतात. माझ्या चुलत्यांनी वावरात तंबू लावले म्हणून राहतात. सोमवारी कोणी नसतं.'

मी तीनपैकी एक गुण दिला. शेजारी लाल शाईनं शेरा मारला: 'मुद्देसूद लिही. भौगोलिक कारणे अपेक्षित.'

आज ते उत्तर आठवलं की कान गरम होतात. वाहतूक, सुट्टी, प्रसार, निवासाची सोय आणि मागणीचा आठवड्यातला चढउतार, असे पाच घटक त्या पोरानं चार-पाच ओळींत मांडले होते. शिवाय पहिल्याच वाक्यात तुमच्या आदर्श उत्तराचं खंडन होतं. मला ते दिसलं नाही, कारण माझ्या हातात उत्तरसूची होती. तेव्हा माझ्या तक्रारी क्रमानं मांडतो, मुद्देसूद.

पहिली तक्रार थंड हवेबद्दल. उंची वाढली की तापमान उतरतं, हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, हे मीच शिकवत आलो. तेव्हा त्याच नियमानं तुमचं उत्तर तपासू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास. माथेरान आठशेच्या आसपास. चिखलदरा अकराशेच्या घरात, मेळघाटात. राज्यात कॉफी पिकते ती तिथं. तोरणमाळही अकराशेच्या पुढे, सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यात. माथ्यावर यशवंत तलाव, सीताखाईसारखी खोल दरी. थंड हवा हेच मुख्य कारण असेल तर गर्दी तोरणमाळ-चिखलदऱ्याला सर्वांत जास्त आणि लोणावळ्याला सर्वांत कमी दिसायला हवी. प्रत्यक्षात शनिवारी संध्याकाळी लोणावळ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि तोरणमाळ कुठं आहे हे नाशिकच्या पलीकडे राहणाऱ्या दहा जणांना विचारलं तर आठ जण नकाशा मागतात.

दुसरी तपासणी महिन्यांची. थंडाव्यासाठी माणसं डोंगरात जात असतील तर सगळी गर्दी एप्रिल-मेमध्ये व्हावी. महाबळेश्वरला ती होते, मान्य. पण लोणावळ्याला आणि आमच्या भंडारदऱ्याला खरी झुंबड उडते ती जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा मुंबईतही पाऊस असतो आणि पुण्यातही पंखा बंद असतो. उकाड्यापासून पळून माणसं येत नसतात. ती भिजायला येतात, धबधब्याखाली उभं राहायला येतात, आणि मुख्य म्हणजे उभं राहिल्याचं दाखवायला येतात. यातलं काहीच समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर अवलंबून नाही. लोणावळ्याच्या एका बाजूला मुंबई आहे, दुसऱ्या बाजूला पुणे, मधून रेल्वे जाते आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग जातो. तोरणमाळला जायचं तर आधी शहाद्याला पोचावं लागतं आणि मग घाट चढावा लागतो. ही झाली भौगोलिक कारणं. अंतर आणि लागणारा वेळ हे भूगोलाचेच विषय आहेत ना?

दुसरी तक्रार व्याकरणाची वाटेल, पण आहे भूगोलाचीच. तुमच्या वाक्यात कर्ता नाही. 'विकास झाला आहे.' तो कुणी केला? पाऊस झाला, पहाट झाली, तसा विकास झाला, असं मुलांच्या मनावर ठसतं. इतिहासाच्या तासाला विचारलं तर कर्ते एकामागून एक उभे राहतात.

महाबळेश्वरला कृष्णेचा उगम आणि शंकराचं देऊळ फार जुनं. यात्रेकरू कैक शतकं जात होते. 'थंड हवेचं ठिकाण' मात्र ते १८२८-२९च्या सुमाराला झालं, आणि तेही ठरवून. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला उन्हाळ्यात साहेबांची प्रकृती सांभाळायला जागा हवी होती. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार झाला आणि महाबळेश्वरच्या बदल्यात खंडाळा गाव देण्यात आलं. पेठ वसली, तिला माल्कमचं नाव पडलं. चिनी कैदी आणून ठेवले. भाजीपाल्याचे मळे त्यांनी फुलवले. आज आपण ज्याला 'नैसर्गिक आकर्षण' म्हणतो त्याच्या मुळाशी एक करार, एक बाजारपेठ आणि एक तुरुंग आहे. स्ट्रॉबेरीही सह्याद्रीनं आपणहून उगवलेली नाही. ती बाहेरून आणून लावली, आणि २०१०मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

माथेरानची गोष्ट तशीच. १८५०मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट वर चढला आणि त्याला जागा आवडली. त्याआधी तिथल्या कातकऱ्यांना आणि ठाकरांना ती जागा माहीत नव्हती असं थोडंच आहे! पण ते पर्यटक नव्हते, रहिवासी होते. १९०७मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं नेरळहून छोटी रेल्वे वर नेली आणि मग मुंबईचा मध्यमवर्ग कुटुंबकबिल्यासह माथेरानला जाऊ लागला.

तारखांमध्ये एक मौजेचा योग आहे. मी वर्गात तो दरवर्षी सांगायचो, पण परीक्षेत कधी विचारू शकलो नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. तो घाट कोरताना हजारो मजूर मेले. आणि त्याच १८६३च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधला थॉमस कुक आपली पहिली सहल घेऊन स्वित्झर्लंडला गेला. आल्प्सची हवा त्या वर्षी अचानक थंड झाली नव्हती. सह्याद्रीतही त्या वर्षी नवे धबधबे फुटले नव्हते. दोन्हीकडे रूळ पडले होते, तिकिटं छापली गेली होती आणि कारखान्या-कचेऱ्यांतून थोडा पैसा नि थोडी सुट्टी मिळालेला एक वर्ग तयार होत होता. त्याआधी डोंगर हे देवाचं, चोराचं आणि वाघाचं ठिकाण होतं. आमच्याकडे कळसूबाईला माणसं नवरात्रात नवस फेडायला जात. चप्पल खाली काढून चढणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. शिखरावर जाऊन सूर्योदय बघायची कल्पना त्यांना सांगितली असती तर त्यांनी विचारलं असतं, तो घरच्या अंगणातून दिसत नाही का?

तिसरी तक्रार सुट्टीबद्दल. रविवार हे भौगोलिक कारण आहे असं मी म्हटलं तर आपण हसाल. पण माझं ऐकून घ्या. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्यानंतर कित्येक दशकं हे ठिकाण मोजक्या लोकांना ठाऊक होतं: पाटबंधाऱ्यातले साहेब, काही हौशी गिर्यारोहक, मधुचंद्राला आलेली जोडपी. रतनगड होता, सांदण दरी होती, रंधा धबधबा होता. काजवेही होतेच, मेच्या अखेरीस हिरडा-बेहडा-सादड्याची झाडं लुकलुकायला लागली की आमची माणसं म्हणायची, पाऊस आठ-पंधरा दिवसांवर आला. काजवा बघायला म्हणून कुणी घराबाहेर पडत नव्हतं, आणि बाहेरून तर कुणीच येत नव्हतं.

मग काय बदललं? पुण्या-मुंबईत संगणकाच्या कंपन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर पाच दिवसांचा आठवडा आला. राज्य सरकारच्या कचेऱ्यांनाही २९ फेब्रुवारी २०२०पासून तो लागू झाला. आम्हा शिक्षकांना नाही, पण ती वेगळी तक्रार. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं आणि रविवारी रात्री परतायचं, या मापाचा प्रवास जन्माला आला. गाडी हप्त्यावर मिळू लागली. २०१६नंतर फोनवरचं इंटरनेट स्वस्त झालं आणि कुठल्या फाट्यावर वळायचं ते विचारायला चहाच्या टपरीवर थांबायची गरज संपली. समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्यानं घोटी-इगतपुरीपर्यंत आला, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. कसाऱ्याच्या घाटात गाडी धापा टाकत चढायची, त्याऐवजी आता सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा. मुंबई आमच्या आणखी जवळ सरकली. कळसूबाई होती तिथंच आहे.

यातल्या प्रत्येक गोष्टीच्या मागे कुणाचा तरी निर्णय आहे. कुणीतरी फायलीवर सही केली, कुणीतरी कर्ज दिलं, कुणीतरी रजेचे नियम बदलले. माझा सगळा राग इथंच एकवटलेला आहे. तुमच्या उत्तरात निर्णय नाहीत, फक्त निसर्ग आहे. आणि निसर्गानं केलं म्हटलं की जबाबदार कुणीच राहत नाही.

खरं तर दहावीच्या पुस्तकात तुम्ही पर्यटन, वाहतूक आणि संदेशवहन हे तिन्ही एकाच धड्यात आणलेत. ते वाचून मला मनापासून आनंद झाला होता. वाटलं, आता तरी मुलांना धागा जोडता येईल. पण स्वाध्याय आणि गाईडं आली, आणि तिघांचे प्रश्न पुन्हा तीन खणांत गेले. पर्यटनाच्या खणात थंड हवा, वाहतुकीच्या खणात रस्त्यांचं महत्त्व, संदेशवहनाच्या खणात उपग्रह. आमच्या वाडीत मात्र ते तिघे एकाच गाडीतून येतात.

चौथी तक्रार 'स्थानिकांना रोजगार मिळतो' या ओळीबद्दल. ही ओळ खोटी नाही. आमच्याकडची माणसं दिवाळीनंतर बोचकं बांधून नारायणगावच्या मजूर बाजारात जाऊन उभी राहायची. त्यांच्याबरोबर पोरं जायची आणि हजेरीपटावर मी गैरहजेरीचे शेरे मारत बसायचो. आज त्यांतली काही घरं जेवण रांधतात, वाटाड्याचं काम करतात, तंबू लावतात. पाहुण्यांना नागलीची भाकरी वाढणाऱ्या बाईच्या हातात रोख पैसे येतात आणि ते नवऱ्याच्या हातून येत नाहीत, ही गोष्ट लहान नाही. ज्यांना पर्यटन नकोच आहे त्यांच्यात मला मोजू नका.

पण रोजगार किती, कुणाला, कोणत्या महिन्यात आणि कशाच्या बदल्यात, हे उत्तरात कुठं आहे? त्या मुलाच्या चुलत्याच्या तंबूंचं बुकिंग शहरातल्या एका माणसाच्या फोनवर होतं. पैसे त्याच्या खात्यात जमतात. चुलत्याला जागेचं भाडं आणि जेवणाचे ठरलेले पैसे मिळतात. जमीन आदिवासी, ती बिगरआदिवासीला सहज विकता येत नाही. पण तोंडी व्यवहाराला कायदा आडवा येत नाही.

महिन्यांचं गणित आणखी वेगळं. पर्यटकांचा जुलै आणि भाताच्या आवणीचा जुलै एकच. घरात माणसं मोजकी. आवणीला उतरायचं की रस्त्यावर उभं राहून गाड्या लावून द्यायच्या? शनिवारी सकाळच्या शाळेत माझा वर्ग निम्मा रिकामा असायचा. कारण विचारलं तर उत्तर यायचं, 'सर, पार्किंगवर आहे तो.' आणि मंगळवारी खाचरात उतरलेल्या बाईच्या तळपायात बाटलीची काच घुसायची. 'पर्यटनामुळे प्रदूषण होते' असं तुमच्या पुस्तकात आहे. चिखलात काच दिसत नाही, हे नाही.

पाण्याचं म्हणाल तर घाटघर-रतनवाडीकडे पाऊस इतका कोसळतो की कित्येक वर्षी चार-पाच हजार मिलिमीटरचा आकडा सहज ओलांडतो. तालुक्याच्या पूर्वेला त्याचा एक छोटा हिस्साच पडतो. तरी मे महिन्यात धरणाच्या वरच्या वाड्यांत बायका झऱ्याशी हंडे मांडून बसतात, कारण पाणी अडतं खाली आणि प्रवरेच्या कालव्यांनी जातं आणखी खाली, उसाकडे. आता त्या झऱ्यावर तंबूंतल्या पाहुण्यांच्या आंघोळीचीही भर पडली आहे. काजवे बघायला लोक येतात ते याच मेअखेरीच्या टंचाईत. काजव्याला अंधार लागतो. मादी आणि नर एकमेकांना त्या लुकलुकीवर शोधतात. त्यांना बघायला येणाऱ्या गाड्यांचे दिवे मात्र रात्रभर चालू. एका झाडाखाली शंभर फोन उजेड पाडत असताना त्या किड्यांनी लग्नं जुळवायची कशी?

पाचवी तक्रार 'समस्या' या वेगळ्या प्रश्नाबद्दल. तुमच्या पुस्तकात वाढीची कारणं एका पानावर असतात आणि समस्या दुसऱ्या पानावर. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नसल्यासारखा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळला आणि चार जण गेले. कॅलेंडर काढून बघा, दोन्ही दिवस रविवार होते. त्या माणसांना पाण्यानं नेलं हे खरं. पण तेवढी माणसं त्याच दिवशी, त्याच जागी का होती, याचं उत्तर तेच आहे जे त्या मुलानं लिहिलं होतं. वाढीचं जे कारण, तेच अपघाताचं कारण. ही साखळी जोडून दाखवली नाही तर मुलं 'निसर्गाचा कोप' लिहून मोकळी होतात. प्रशासनही दर जूनमध्ये मनाईचा आदेश काढून मोकळं होतं.

आपल्याकडची गोष्ट लहान वाटत असेल तर हिमालयात बघा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. त्याआधी हिवाळ्यात बर्फानं जगापासून तुटणारं लाहौल मनालीहून दिवसाभरात फिरून येण्याच्या टप्प्यात आलं. आजारी माणसाला बर्फातून दवाखान्यात नेता येऊ लागलं, आणि त्याच रस्त्यानं गाड्यांच्या रांगा सिस्सूपर्यंत पोचल्या. बोगदा वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. पण पलीकडच्या गावात एका दिवसात किती माणसं मावतील, हे बोगदा खोदतानाच विचारायला हवं होतं की नको?

जसे वाढवायचे निर्णय असतात तसे आवरायचेही असतात, हे तरी मुलांना सांगा. कास पठाराला २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात स्थान मिळालं आणि फुलं तुडवायला माणसं लोटली, तेव्हा दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली, शुल्क ठेवलं आणि आसपासच्या गावांच्या समित्यांना व्यवस्थेत घेतलं. उटी आणि कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं ७ मे २०२४पासून ई-पास लागतो. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात, आणि म्हणून त्या डोंगरावर अजून पक्षी ऐकू येतात. अर्थात त्या बंदीचीही एक किंमत होती: माणसानं माणसाला हातरिक्षात बसवून चढावर ओढायचं. २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती प्रथा बंद करायला सांगितली. कोणताच निर्णय फुकट नसतो. पण नववी-दहावीच्या मुलाला हे कळू शकतं. आमच्याकडची मुलं तर त्यात राहतातच.

आता विनंत्या. तक्रारींपेक्षा एक जास्त आहे, पण एकीलाही पैसा लागत नाही.

एक. प्रश्नाची भाषा बदला. 'विकास झाला आहे' ऐवजी 'पर्यटकांची संख्या वाढली आहे. ती कोणत्या निर्णयांमुळे वाढली ते लिहा' असं विचारा. विकास झाला की नाही ते मुलांना ठरवू द्या.

दोन. नकाशावर अंतराऐवजी वेळ काढायला सांगा. मुंबई आणि पुण्यापासून गाडीनं चार तासांत कुठवर पोचता येतं, याची एक रेघ २००० सालची आणि एक आजची. त्या दोन रेघांच्या मधल्या पट्ट्यात गेल्या पंचवीस वर्षांतली महाराष्ट्रातली निम्मी-अधिक हॉटेलं आणि तंबू सापडतील असा माझा अंदाज आहे. चुकला तर मुलंच तो खोडून काढतील, आणि तेच तर आपल्याला हवं आहे.

तीन. दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. पर्यटनस्थळाची क्षेत्रभेट सोमवारी न्यायला सांगा. रविवारी पोरांना धबधबा दिसतो, सोमवारी त्याच्या खालचा कचरा, बंद टपऱ्या, दमलेली गावं आणि वाहून आणलेलं पाणी दिसतं.

चार. फायदे-तोटे अशी दोन रकान्यांची यादी पुरे करा. त्याऐवजी हिशेबाचा तक्ता द्या: एका पाहुण्यानं दिलेल्या शंभर रुपयांपैकी किती गावात राहिले, किती बाहेर गेले, आणि गावानं त्याच्यासाठी काय दिलं. मुलं घरी विचारतील. पालक सांगतील. काही पालक प्रथमच हिशेब मांडतील.

पाच. पर्वतीय पर्यटनाच्या धड्यावर दरवेळी रिकाम्या डोंगराचं छायाचित्र असतं. एकदा तरी त्याच जागेचं, पाठीमागून काढलेलं छायाचित्र छापा, गाड्यांच्या रांगेसकट.

सहा, आणि ही सर्वांत महत्त्वाची. उत्तरसूचीत एक ओळ घाला: 'विद्यार्थ्याने स्वतःच्या परिसराच्या निरीक्षणावरून दिलेले योग्य कारण पूर्ण गुणांस पात्र राहील.' अशी मोघम ओळ असतेही कधीकधी, मला माहीत आहे. पण गठ्ठ्यात दोनशे उत्तरपत्रिका आणि हातात लाल पेन असलेल्या माणसाला मोघम ओळ दिसत नाही. ती ठळक अक्षरांत हवी. मला ती तशी मिळाली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

शेवटी त्या मुलाबद्दल. तो आता एकवीस-बावीस वर्षांचा आहे. शिक्षण बारावीपर्यंत. गेल्या श्रावणात मी एसटीनं घोटीहून घरी परतत होतो. बारी गावाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागलेली, एसटी तासभर जागची हलेना. पुढे भर पावसात एक जण शिट्टी तोंडात धरून गाड्या मागे-पुढे करत होता. त्यानं एसटीला वाट काढून दिली आणि खिडकीत मला ओळखलं. शिट्टी तोंडातून काढून म्हणाला, "सर, आज कशाला निघालात? सोमवारी यायचं ना, कोणी नसतं."

त्यानं नववीतल्या पेपरातलं शेवटचं वाक्य मला जवळजवळ जसंच्या तसं ऐकवलं. मुद्दाम की सहज, कुणास ठाऊक. एसटी निघाली आणि मला उत्तर देता आलं नाही.

त्याचे दोन गुण माझ्याकडे बाकी आहेत. निवृत्त शिक्षकाला गुणपत्रिका दुरुस्त करता येत नाही. आपल्याला उत्तरसूची करता येते. तेवढी करावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
अकोले तालुका

ता. क. या पत्राचं उत्तर द्यायला कुणी प्रत्यक्ष येणार असाल तर आनंदच आहे. घरी नागलीची भाकरी आणि पिठलं मिळेल. फक्त वार विचारून या.